मॅनहोलमधील हवा आणि फिरता पंखा

इटलींतील मोडेना शहरीं बर्नार्डिनो रामाझ्झिनी नांवाचा एक वैद्य राहत असे. एके दिवशीं त्याच्या घरचा शौचकूप उपसण्यासाठीं एक मजूर आला. तो इतक्या घाईनें काम करीत होता, कीं वैद्याला त्याची कीव आली व एवढी धडपड कशासाठीं, असें त्यानें विचारलें. या जागेंत फार वेळ राहिलें तर डोळे जातात, अशा अर्थाचें उत्तर त्याला मिळालें. त्या उत्तरानें रामाझ्झिनी निरनिराळ्या धंद्यांतील माणसांच्या व्याधींचा अभ्यास करूं लागला आणि १७०० सालीं कामकऱ्यांच्या रोगांवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला तीन शतकें उलटून गेलीं. पण गटाराच्या मॅनहोलमध्यें उतरणाऱ्या माणसापुढें प्रश्न अजून तोच आहे. खालची हवा त्याला जगूं देईल काय?

मोकळ्या हवेंत प्राणवायूचें प्रमाण शेंकडा सुमारें २१ असतें. तें शेंकडा १९.५ च्या खालीं गेलें, म्हणजे ती जागा धोक्याची समजतात. गटारांतील गाळांत सूक्ष्म जंतूंचें काम अखंड चालू असतें. ते प्राणवायु खाऊन टाकतात आणि त्याच्या जागीं कार्बन डायऑक्साइड, मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायु निर्माण करतात. मिथेन हवेंत शेंकडा ५ ते १५ या प्रमाणांत मिसळला असतां एका ठिणगीनें स्फोट होतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षां जड असून तो तळाशीं सांचतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो खरा. परंतु हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें १०० भाग झाले, कीं माणसाचें नाकच बधिर होतें. वास नाहींसा झाला म्हणून धोका टळला असें समजणारा मनुष्य प्रत्यक्षांत अधिक खोल संकटांत शिरलेला असतो. हेंच प्रमाण ७०० ते १००० पर्यंत गेलें, तर एकदोन श्वासांतच तो कोसळतो.

जुन्या विहिरींत उतरण्यापूर्वीं दोरीला कंदील बांधून खालीं सोडण्याची रीत खेड्यांतून परिचित आहे. दिवा विझला, तर उतरावयाचें नाहीं. प्राणवायूची मोठी उणीव ओळखण्यास ही परीक्षा कांहीं अंशीं उपयोगी पडते. परंतु गटारांत ती घातक ठरते. हायड्रोजन सल्फाइडच्या मारक प्रमाणांतहि दिवा तेवत राहतो, आणि मिथेन असल्यास तोच दिवा स्फोटाला कारण होतो. म्हणून हवेची परीक्षा वायुमापक यंत्रानें करावी आणि दूषित हवा असेल ती पंख्यानें बदलावी, हाच खरा मार्ग होय.

हवा बदलण्याची ही कल्पना नवी नव्हे. अग्रिकोला याच्या खाणकामावरील ग्रंथांत, म्हणजे १५५६ सालीं, खाणींत हवा पोंचविणारे भाते व लांकडी पंखे यांचीं वर्णनें व चित्रें आलेलीं आहेत. आजचा फिरता पंखा, ज्याला कामगार ब्लोअर म्हणतात, हा त्याच कुळांतील. एकादोघांनीं उचलून न्यावा एवढें यंत्र आणि त्याला जोडलेला लवचिक नळ, इतकाच त्याचा पसारा असतो. कारखान्यांतील कायमच्या नळव्यवस्थेला जेथें जातां येत नाहीं, तेथें हा जातो. मॅनहोल, टाक्या, जहाजांचीं तळघरें हीं त्याचीं ठिकाणें.

हवा आंत ढकलावी कीं बाहेर ओढावी, याचें उत्तर मेणबत्तीपाशीं मिळतें. हातभर अंतरावरील मेणबत्ती फुंकून विझवितां येते. पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आंत ओढून ती विझविण्याचा प्रयत्न केला, तर ज्योत हलतहि नाहीं. फुंकलेली हवा झोतासारखी सरळ जाते, ओढलेली हवा सर्व बाजूंनीं येते. नळाच्या तोंडापासून त्याच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरहि झोताचा वेग मूळ वेगाच्या सुमारें दहावा हिस्सा उरतो. हवा ओढणाऱ्या नळाचा प्रभाव मात्र एका व्यासाच्या अंतरावरच तेवढा क्षीण होतो. म्हणून खोल जागेंत शुद्ध हवा ढकलणें श्रेयस्कर. उलट टाकीच्या आंत वेल्डिंग चालू असेल, तर धूर एकाच बिंदूपासून निघतो व तो उगमापाशींच ओढून घ्यावा लागतो. तेथें नळाचें तोंड ठिणगीच्या अगदीं जवळ हवें. काम पुढें सरकलें, कीं नळहि सरकला पाहिजे. वेल्डिंगचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २०१७ सालीं दिला आहे.

आतां थोडा हिशेब पाहूं. एक मीटर व्यासाच्या व पांच मीटर खोल मॅनहोलमध्यें सुमारें ४ घनमीटर हवा मावते. नळाच्या तोंडांतून मिनिटाला १० घनमीटर हवा येत असेल, तर चोवीस सेकंदांत तेवढी हवा आंत जाते. पण तेवढ्यानें जुनी हवा संपत नाहीं. नवी व जुनी हवा मिसळत राहत असल्यामुळें एका फेऱ्यानंतर विषारी वायूचा शेंकडा ३७ भाग उरतो, तीन फेऱ्यांनंतर शेंकडा ५, आणि पांच फेऱ्यांनंतर शेंकडा एकाहून कमी. कागदावर हें दोन मिनिटांचें काम झालें. प्रत्यक्षांत बाजूच्या गटारांतून वायु येतच असतो, नळाच्या वळणांत जोर कमी होतो आणि गाळ ढवळतांच कोंडलेला वायु उसळून वर येतो. यास्तव पंखा हिशेबाच्या कितीतरी पट वेळ आधीं चालवावा. मग वर, मध्यें व तळाशीं यंत्रानें हवा तपासावी. आणि माणूस बाहेर येईपर्यंत पंखा व यंत्र दोन्ही चालू ठेवावींत.

चुका होतात त्या साध्याच. नळ तळापर्यंत न सोडल्यास हवा वरच्यावर फिरून बाहेर पडते. पंखा जनरेटरच्या किंवा उभ्या मोटारीच्या धुराड्याजवळ ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड आंत ढकलला जातो. कोणी शुद्ध प्राणवायूचें नळकांडें आंत सोडतात. त्यायोगें कपडेसुद्धां भडकून पेट घेतात. आणि पंखा असला तरी कमरपट्टा, दोरी व वर उभा राहणारा जाणता माणूस यांना पर्याय नाहीं. खालीं पडलेल्या सोबत्याला वांचविण्यासाठीं दुसरा तसाच उडी घेतो व तोहि तेथेंच राहतो, असें वारंवार घडत आलें आहे.

भारतांत २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून गटारांत माणूस उतरविण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला व २०२३ सालीं ती रक्कम तीस लाख केली. यंत्रानेंच गटार साफ व्हावें आणि माणसाला उतरावेंच लागूं नये, ही खरी सुधारणा. ती सर्वत्र होईपर्यंत, उतरणाऱ्याच्या आधीं स्वच्छ हवा खालीं उतरली आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें कर्तव्य वर उभ्या असलेल्या मुकादमाचें व त्याला नेमणाऱ्याचें आहे. मोडेनाचा तो मजूर घाई करीत होता, कारण त्याला वांचविणारें दुसरें साधन नव्हतें. आज साधन आहे; तें गाडींत पडून राहिलें, तर दोष हवेचा नव्हे.