चिवट नायलॉन

कापडवाला काय करतो पहा. काठाला कात्रीने इवलीशी चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन् कापड फाडतो. चीर नसती तर ते इतक्या सहज फाटले नसते. नायलॉनच्या भरीव वस्तूचेही असेच आहे. १९३५ साली अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत कॅरॉथर्स यांनी तयार केलेले हे द्रव्य एरवी मोठे दणकट. पण दातेरी चाकाच्या कोपऱ्यात बारीकशी खाच असली, त्यातून कडाक्याची थंडी, की एका दणक्यात तडकते.

यावर उपाय रबराचा. मात्र वितळलेल्या नायलॉनमध्ये नुसते रबर घोटून भागत नाही. दोघांचे सख्य नाही. रबराच्या गुठळ्या होतात नि त्या सुट्याच राहतात. म्हणून रबराच्या साखळीवर आधी मॅलेइक अनहायड्राइडचे कलम करतात. (आंब्याच्या कलमासारखेच म्हणा ना!) हे कलम नायलॉनच्या टोकाच्या अमाइन गटाशी रासायनिक गाठ मारते. मग रबराचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक होऊन सर्वत्र पसरतात. शंभरात वीसेक भाग रबर पुरते. दणका बसला की कणांच्या पोटात पोकळ्या पडतात, भोवतालचे नायलॉन न तडकता ताणले जाते, आणि दणक्याचा जोर तिथेच जिरतो. दोन कणांमधले अंतर मात्र फार नको, हे वू यांनी १९८५ साली दाखवून दिले.

यात ताठपणा थोडा जातोच. जिथे न वाकता सतत भार पेलायचा, तिथे हे नायलॉन मी तरी वापरणार नाही.