मातीची मस्तके घडविणारे हिंमत शहा

गुजरातमधील लोथल हे गाव हडप्पाकालीन गोदीमुळे जगाला ठाऊक झाले. भाजलेल्या विटांची ती गोदी १९५५ पासूनच्या उत्खननात उजेडात आली. त्यापूर्वीच, १९३३ साली, याच गावी एका जैन व्यापारी कुटुंबात हिंमत शहा यांचा जन्म झाला होता. भाजलेली माती हेच पुढे त्यांच्या कलेचे मुख्य माध्यम ठरावे, हा योगायोग मनोज्ञ खरा. परंतु मातीपर्यंत ते सरळ मार्गाने पोहोचले नाहीत.

भावनगरच्या घरशाळेत जगुभाई शहा यांच्याकडे कलेचे आरंभीचे धडे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत काही काळ, आणि नंतर बडोद्यास नारायण श्रीधर बेंद्रे व के. जी. सुब्रमण्यन यांचे मार्गदर्शन, असे त्यांचे शिक्षण झाले. १९६३ मध्ये दिल्लीत 'ग्रुप १८९०' या बारा कलावंतांच्या समूहाचे प्रदर्शन पंडित नेहरूंच्या हस्ते उघडले. त्यात शहा यांनी कागद जाळून केलेल्या कलाकृती होत्या. अग्नीशी त्यांचा व्यवहार हा असा कागदापासून सुरू झाला. १९६७ मध्ये ते पॅरिसला जाऊन मुद्राचित्रण शिकले. परतल्यावर अहमदाबादच्या सेंट झेवियर्स शाळेच्या भिंतींवर त्यांनी भव्य उठावशिल्पे घडविली.

मस्तकांचे पर्व त्यानंतरचे. दिल्लीच्या गढी येथील कार्यशाळेत ते वर्षानुवर्षे माती मळीत, तिच्यात नवी मिश्रणे करून पाहत बसले. माती घाई सहन करीत नाही. मस्तक भरीव ठेवले, किंवा आत ओल राहिली, तर भट्टीत त्या ओलीची वाफ होते आणि महिन्यांचे श्रम क्षणात फुटतात. म्हणून आतून पोकळ घडवावे, सावकाश वाळवावे, आणि मगच अग्नीच्या स्वाधीन करावे. अशा कामाला बाजाराचे वेळापत्रक मानवत नाही. शहा यांनीही ते मानले नाही. त्याची किंमत म्हणून दीर्घकाळ विपन्नावस्था पत्करली.

ही मस्तके कोणा एका व्यक्तीची नाहीत. लांबट मान, चिरा, खाचा, ठोकल्याच्या खुणा. डोळे कधी अस्फुट, कधी मुळीच नाहीत. काहींवर सोन्याचांदीचा वर्ख चढविलेला आहे. जैन वाचकाला येथे ध्यानस्थ जिनप्रतिमेची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण ती तुलना फार ताणू नये. जिनप्रतिमा सर्व आघातांच्या पलीकडे गेलेली असते. शहा यांचे मस्तक आघात सोसून उभे असते. त्याचे मौन अजून कष्टाचे आहे.

मान्यता आली, पण सावकाश. २००० च्या सुमारास ते जयपूरला स्थायिक झाले. २००३ मध्ये कालिदास सन्मान लाभला आणि २०१६ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, दिल्लीच्या किरण नाडर कलासंग्रहालयाने त्यांच्या सहा दशकांच्या निर्मितीचे सिंहावलोकन घडविणारे मोठे प्रदर्शन भरविले. २ मार्च २०२५ रोजी जयपूर येथे त्यांचे निधन झाले.

उत्तरायुष्यात त्यांनी काही मस्तके कांस्यात ओतून घेतली. धातू टिकाऊ असतो, मातीसारखा तडकत नाही. त्या कांस्याच्या पृष्ठभागावर आजही दिसतात त्या ओल्या मातीला पडलेल्या चिरा आणि बोटांचे दाब.