बिलाच्या आज्ञावलीची पारख

२२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात आले. निर्णय ३ सप्टेंबरचा. तयारीस तीन आठवडेही मिळाले नाहीत. तयार कपड्यांच्या व्यापारात एका नगावरील ५ टक्के कराची मर्यादा १,००० रुपयांवरून २,५०० रुपयांवर गेली आणि त्यापुढील कपड्यांवरील कर १२ वरून १८ टक्के झाला. मोठ्या कंपन्यांकडे अशा वेळी आज्ञावली तपासणारे स्वतंत्र पथक असते. पेठेतील दुकानदाराकडे असतात हिशेब सांभाळणारे दिवाणजी आणि चार दुकानांचे काम पाहणारा एखादा प्रोग्रॅमर. एवढ्या बळावर बिल अचूक निघेल याची खात्री कशी करावी?

सर्व काही तपासणे कोणालाच शक्य नसते, हे प्रथम ध्यानी घ्यावे. ५०० प्रकारचा माल, १० तऱ्हेच्या सवलती, रोख व उधार, राज्यातील व परराज्यातील गिऱ्हाईक, एवढ्यानेच २०,००० जोडण्या होतात. चाचणीने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे सिद्ध करता येत नाही, असे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांचे प्रतिपादन होते. म्हणून जेथे चूक संभवते आणि जेथे ती महाग पडते, तेथेच वेळ खर्चावा.

चुका बहुधा सीमेवर दबा धरून असतात. करापूर्वी २,४९९, २,५०० आणि २,५०१ रुपये किमतीच्या तीन नगांची बिले करून पाहावीत. आज्ञावलीत ‘२,५०० पर्यंत’ ऐवजी ‘२,५०० पेक्षा कमी’ असे लिहिले गेले, तर नेमक्या २,५०० च्या कपड्यावर १२५ ऐवजी ४५० रुपये कर लागतो. २,७०० च्या कपड्यावर बिलातच १० टक्के सूट दिली की किंमत २,४३० होते. तेव्हा दर सवलतीनंतरच्या किमतीवरून ठरला पाहिजे. २० सप्टेंबरला २,००० रुपयांना विकलेला सदरा २५ तारखेला परत आला, तर त्याची जमा-चिठ्ठी जुन्या १२ टक्क्यांनीच निघावी. पुण्यातील गिऱ्हाइकाच्या बिलात ५ टक्के कर केंद्र व राज्य यांत अडीच-अडीच टक्के विभागला जावा. सुरतच्या व्यापाऱ्याच्या बिलात तो एकत्रित दिसावा.

चाचणीचे साहित्य विकत आणावे लागत नाही; ते दप्तरातच असते. गर्दीच्या एका दिवसाची बिले आज्ञावलीच्या वेगळ्या प्रतीत पुन्हा भरावीत. ज्यांचा दर बदललेला नाही, त्यांची बेरीज रोजमेळाशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. चालू वह्यांवर असा प्रयोग कदापि करू नये. सापडलेली प्रत्येक चूक नोंदवून ठेवावी आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर ती सर्व उदाहरणे पुन्हा चालवावीत. कारण एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे बिघाड करते.

अखेरची तपासणी दुकानातील प्रत्येक यंत्रावर व्हावी. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार संस्थेने २०१२ मध्ये नवी आज्ञावली आठ सर्व्हरांवर बसवायची ठरवली. एक सर्व्हर राहून गेला. १ ऑगस्टला बाजार उघडताच त्यावरील जुनी आज्ञावली जागी झाली आणि नको असलेले सौदे करीत सुटली. सुमारे ४५ मिनिटांत संस्थेला ४४ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. दोन गल्ल्यांच्या दुकानातही एका संगणकावर जुने दर राहू शकतात.

या पारखीस मोठा खर्च लागत नाही. निवडक पंधरा-वीस बिलांची यादी, दिवाणजींचा अर्धा दिवस आणि सोबत बसलेला प्रोग्रॅमर एवढे पुरते. यादी मात्र दिवाणजींनीच करावी. आज्ञावली कशी चालते हे प्रोग्रॅमर जाणतो. गिऱ्हाईक कोणत्या बिलावर बोट ठेवील, हे दिवाणजींनाच ठाऊक असते. चुकीच्या बिलाचा फरक भरून देता येतो, पण पेढीची गेलेली पत त्या रकमेत परत मिळत नाही.