सोरायसिस: हात लावल्याने होत नाही, जडीबुटीने मुळासकट जात नाही

यंदाच्या वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात खीरदानाची तयारी चालली होती. बायाबापड्या तांदूळ निवडत होत्या, पोरं चूल मांडत होती. दरवर्षी खिरीच्या पातेल्याशी उभ्या राहणाऱ्या एक मावशी मात्र पदराने कोपर झाकून दाराशीच बसलेल्या. "मावशी, आत या की," आम्ही म्हणालो. त्या हसल्या नाहीत. "मला नका बोलवू. माझ्या हातचं कोण खाईल आता?"

त्यांच्या दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांवर जाड चट्टे उठले होते. खाजवलं की पांढरट पापुद्रे गळायचे. तीन वर्षांत त्यांनी काय काय केलं नव्हतं! आधी नायटा समजून मेडिकलवरून आणलेली ट्यूब लावली. मग आठवडी बाजारातल्या एकाची "मुळासकट घालवणारी" पुडी घेतली. शेवटी कुणीतरी महारोग म्हणालं आणि शेजारणींनी चहाचा कप वेगळा ठेवायला सुरुवात केली. सांगायला लाज वाटते, पण ती पहिली ट्यूब आमच्यातल्याच एकाने आणून दिली होती. म्हणून या महिन्याचं आरोग्यपान सोरायसिसवर लिहीत आहोत.

हा आजार काय आहे?

आपल्या कातडीचा वरचा थर सतत झिजतो आणि खालून नवा येतो. नव्या पेशीला वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच बिघडते आणि कातडीला घाई करायला लावते. महिन्याचं काम चार-पाच दिवसांत उरकतं. जुन्या पेशी गळायच्या आत नव्या येऊन बसतात आणि थरावर थर चढतो. तोच चट्टा, तेच पापुद्रे.

यात जंतू नाही, बुरशी नाही, रक्तातली घाण नाही. त्यामुळे हा आजार स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका बाजेवर झोपल्याने, कपड्याने किंवा नवरा-बायकोच्या संबंधाने पसरत नाही. आनुवंशिकतेचा थोडा वाटा असतो, पण आई किंवा वडिलांना असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य परिषदेने ठराव करून सोरायसिस हा असंसर्गजन्य, दीर्घकाळ चालणारा आणि गंभीर आजार असल्याचं नोंदवलं. २९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन म्हणून पाळला जातो.

ओळखायचा कसा?

चट्टे बहुधा कोपर, गुडघे, कंबरेचा मागचा भाग आणि डोक्यात येतात. डोक्यातला सोरायसिस कोंडा समजला जातो, पण हा कोंडा जाड असतो आणि केसांच्या रेषेबाहेर कपाळावर, कानामागे उतरतो. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात किंवा नख खालून सुटतं. पापुद्रा ओढून काढला तर खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात.

पुस्तकातल्या चित्रांत चट्टा लालभडक दाखवलेला असतो. ती चित्रं गोऱ्या कातडीची. आपल्या सावळ्या कातडीवर तो जांभळट, तपकिरी किंवा करडा दिसतो आणि बरा होताना काळा किंवा फिकट डाग ठेवतो. "लाल नाही, म्हणजे सोरायसिस नाही" असं समजू नका.

नायटा म्हणजेच गजकर्ण बुरशीने होतं. ते गोल असतं, कडेला उठावदार आणि मध्ये साफ. ते मात्र पसरतं. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते, टोचलं तरी कळत नाही. तसा चट्टा असेल तर वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा, कुष्ठरोगाची औषधं तिथे मोफत मिळतात आणि तो आजार पूर्ण बरा होतो. घरच्या घरी अंदाज बांधत बसण्यापेक्षा डॉक्टरांची नजर एकदा पडू द्यावी.

सोरायसिस कातडीपुरता राहतोच असंही नाही. काही रुग्णांचे सांधे धरतात. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास वळत नाहीत, एखादं बोट सबंध सुजतं. हे वेळीच सांगितलं नाही तर सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो. अशा रुग्णांनी रक्तदाब आणि साखरही तपासून घ्यावी.

ट्यूबचा फसवा आराम

खाजेवरच्या अनेक स्वस्त ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड असतं. लावलं की आठ दिवसांत चट्टा बसतो आणि आपल्याला वाटतं, औषध लागू पडलं. बंद केलं की दुप्पट उसळतो. महिनोन्‌महिने लावलं की कातडी कागदासारखी पातळ होते. नायट्यावर लावलं तर नायटा आणखी फोफावतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करू नये असा नियम केला. डॉक्टर सोरायसिसवर स्टेरॉइड मलम देतातही, पण कुठे, किती आणि किती दिवस हे ठरवून. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊन अचानक थांबवलं, तर अंगभर कातडी सोलून निघण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

झाडपाला, तेल, ध्यान: पुरावा काय म्हणतो?

कालामांच्या गावी तथागतांनी सांगितलेली गोष्ट आपण विहारात नेहमी ऐकतो. परंपरेने आलं म्हणून नव्हे, मोठ्याने सांगितलं म्हणून नव्हे, स्वतः पारखून घ्या. औषधालाही हाच नियम लावू.

कोरफड: १९९६ साली ६० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत कोरफडीच्या मलमाने बहुतेकांना आराम पडल्याचं आलं. पण २००५ साली डेन्मार्कमध्ये सुमारे ४० रुग्णांवर पुन्हा पाहिलं, तेव्हा कोरफड नसलेल्या साध्या जेलने जास्त जणांना फरक पडला. म्हणजे कोरफडीचा गर थंडावा देतो, अपाय करत नाही, पण त्यावर भिस्त ठेवण्याइतका पुरावा नाही.

निळीच्या झाडाचं औषध: तैवानमध्ये २००८ साली ४२ रुग्णांच्या एका चट्ट्यावर या वनस्पतीचं मलम आणि दुसऱ्यावर नुसता मलमाचा लेप लावला. बारा आठवड्यांनी औषधाचा चट्टा स्पष्टपणे जास्त सुधारला होता. झाडपाल्यात हा त्यातल्या त्यात चांगला पुरावा. पण ते मलम शुद्ध करून, मोजून बनवलेलं होतं. कपड्याची नीळ अंगाला लावू नका.

बावची: हिच्यात सोरालेन नावाचं द्रव्य असतं, ते कातडीला उन्हासाठी हळवं करतं. याच जातीचं औषध देऊन मोजका अतिनील प्रकाश देण्याची पद्धत १९७४ साली पुढे आली आणि ती उपयोगी ठरली. म्हणजे झाडात गुण आहेच. पण घरी बावचीचं तेल लावून मराठवाड्याच्या उन्हात बसलं तर मोजमाप कुणाच्या हातात? फोड येऊन कातडी भाजते. बावची पोटात घेतल्याने यकृत बिघडल्याचीही उदाहरणं आहेत.

हळद, कडुलिंब, गोमूत्र, होमिओपॅथी: हळदीतल्या द्रव्यावर छोट्या चाचण्या झाल्या आहेत, त्यातल्या काही मुख्य औषधाला जोड म्हणून. बाकीच्यांनी सोरायसिस बरा होतो असं म्हणण्याजोगा भरवशाचा पुरावा नाही.

खोबरेल तेल आणि व्हॅसलीन: यांनी आजार जात नाही, पण कातडी मऊ राहते, भेगा आणि खाज कमी होते. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावावं. घरात करण्याजोगा हा सर्वांत स्वस्त आणि बिनधोक उपाय. वजरीने चट्टा घासू नका, घासलेल्या जागी नवा चट्टा उठतो.

ध्यान: १९९८ साली अमेरिकेत ३७ रुग्णांवर एक चाचणी झाली. सगळ्यांना प्रकाशाचे उपचार सुरू होते. त्यातल्या काहींना उपचाराच्या वेळी सजगतेच्या ध्यानाची टेप ऐकवली. त्यांची कातडी लवकर साफ झाली. चाचणी लहान आहे, पण मनाच्या ताणाने सोरायसिस उसळतो हे डॉक्टरही मानतात. आनापान जरूर करा, मात्र औषधासोबत, औषधाऐवजी नव्हे.

पुडीवाल्यांबद्दल एकच सांगतो. "आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" हे वाक्य खरं असेलच असं नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ साली इंटरनेटवर विकली जाणारी आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा जवळपास पाचांतल्या एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, बिल नाही, तर ती पोटात घालू नका.

मग उपचार कोणता?

आमच्या मावशींना आम्ही अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय रुग्णालयात, म्हणजे आपल्या स्वारातीत, त्वचारोग विभागात नेलं. हा आजार कायमचा मिटवणारं औषध आज जगात कुठेच नाही, पण तो आटोक्यात राहतो. थोडे चट्टे असतील तर मलमं, जास्त असतील तर प्रकाशाचे उपचार किंवा गोळ्या. महागडी इंजेक्शनंही आहेत, पण बहुतेकांना तिथपर्यंत जावं लागत नाही.

मेथोट्रेक्सेट ही जुनी, स्वस्त आणि गुणकारी गोळी. ती सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. वार ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. ही गोळी चालू असताना दारू बंद, ठरलेल्या वेळी रक्ततपासणी हवीच. गरोदर किंवा मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या बाईने ती घेऊ नये, डॉक्टरांना आधीच सांगावं.

आपली कित्येक कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. नेमक्या थंडीत सोरायसिस वाढतो, वरून उसाचं पाचट कातडी कापतं आणि त्या ओरखड्यांवर नवे चट्टे येतात. निघण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "पाच-सहा महिने बाहेर आहोत." पुरतील इतकी औषधं आणि रक्ततपासणी कधी करायची ते लिहून घ्या. केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत सोबत ठेवा. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. विडी, तंबाखू, दारू जितकी सुटेल तितकी सोडा. अंगभर कातडी सोलू लागली, पू भरलेले फोड आले किंवा सोबत ताप-थंडी भरली, तर कारखान्याजवळचा मोठा दवाखाना त्याच दिवशी गाठा.

राहिला स्पर्शाचा प्रश्न

विनयपिटकात एक प्रसंग आहे. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना कातडीचा आजार झाला होता. चीवर अंगाला चिकटायचं. भिक्खू पाण्याने भिजवून ते हलकेच सोडवत होते. तथागतांनी ते पाहिलं, विचारपूस केली आणि अशा रुग्णांना औषधी चूर्ण वापरायची मुभा दिली. तिथे कुणी दूर सरलं नाही. कप वेगळा ठेवणं काय असतं हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलं आहे. तोच कप आपण आपल्याच मावशीपुढे कसा ठेवतो?

मावशींच्या कोपरांवरचे चट्टे आता पातळ झालेत. गुडघ्यांवरचे अजून आहेत, कदाचित राहतीलही. मंगळवारची गोळी त्या चुकवत नाहीत. पुढच्या महिन्यात टोळीसोबत जातील आणि उन्हाळ्यात परततील. पुढच्या वैशाख पौर्णिमेला खिरीचा डाव पहिल्यांदा त्यांच्या हातात द्यायचा, एवढं आम्ही ठरवलं आहे. तुमच्या वस्तीतही अशी एखादी मावशी दाराशी बसलेली असेल. तिला आत बोलवा आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत दवाखान्यात जा.

जय भीम.