सुतारकामाच्या खोलीतील वीज

नोकरीतून मोकळे झाल्यावर लाकडाचा नाद लागलेले गृहस्थ आपल्या गावात थोडेथोडके नाहीत. मोटार विकलेली असते, किंवा मुलाने ती परगावी नेलेली असते. तिची खोली रिकामी पडलेली असते. प्रथम तेथे एक भक्कम मेज येते, मग पटाशा आणि रंधे येतात, मग हातातले ड्रिल, आणि एके दिवशी २ अश्वशक्तीची गोल करवत दारात येऊन उभी राहते. येथवर त्या खोलीतील विजेचा विचार कोणी केलेलाच नसतो. खोली बांधली तेव्हा तिच्यासाठी एक दिवा आणि फार तर एक प्लग, एवढीच सोय पुरेशी वाटली होती. करवत त्याच प्लगला जोडली जाते. बटण दाबताच दिवा क्षणभर मंद होतो, मोटार जराशी कण्हते आणि मग फिरू लागते. "चालली की!" म्हणून सर्वांना आनंद होतो.

मला आज सांगावयाचे आहे ते हेच, की "चालली" हा विजेच्या जोडणीचा निकाल नव्हे. यंत्र चालले म्हणजे तारेतून प्रवाह गेला, इतकेच सिद्ध झाले. त्यापायी तार काय सोसते, आणि काही बिघडलेच तर कोण कोणाला वाचवतो, हे यंत्राच्या फिरण्यावरून मुळीच कळत नाही.

आधी तारेचा हिशेब पाहू. २ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराने चालताना २३० व्होल्टवर सुमारे ११ अँपिअर प्रवाह घेते. ही खोली मीटरपासून २५ मीटर दूर, परसाच्या टोकाला आहे असे धरा. प्रवाहाला जाऊन परतही यावयाचे असते. तेव्हा तारेची लांबी झाली ५० मीटर. दिव्यासाठी ओढलेली तांब्याची तार १ चौरस मिलिमीटर छेदाची असेल, तर एवढ्या लांबीचा रोध सुमारे ०.९ ओहम भरतो. म्हणजे मोटार चालू असताना १० व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. तेवढे चालून जाईल. पण मोटार सुरू होताना पहिला क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह मागते. ५० अँपिअर धरले तरी ४५ व्होल्ट तारेतच जिरतात आणि मोटारीच्या वाट्याला १८५ येतात. मोटारीचा फिरवण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तो आता जेमतेम ६५ टक्के उरला. तिचे कण्हणे ते हेच. त्याच जागी ४ चौरस मिलिमीटरची तार घातली, तर रोध ०.२३ ओहमवर येतो, सुरू होताना साडेअकरा व्होल्ट जातात आणि जोर ९० टक्के राहतो.

जे व्होल्ट वाटेत जातात त्यांची उष्णता होते. इंग्लंडमधील जेम्स जूल ह्या बिअर गाळणाऱ्याच्या मुलाने १८४१ मध्ये दाखवून दिले, की ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. आपल्या बारीक तारेत ११ अँपिअरला सुमारे ११० वॅट उष्णता निघते. ती ५० मीटरभर विखुरलेली असते म्हणून लगेच भडका उडत नाही. (लांब एक्स्टेन्शनची तार रिळावर गुंडाळलेलीच ठेवून यंत्र चालवणाऱ्यांनी मात्र हे विखुरणे आपण होऊन बंद केलेले असते.) खरा धोका सांध्यांत आहे. बोर्डातील एक स्क्रू ढिला झाला आणि तेथे अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला, असे समजा. अकराचा वर्ग १२१, त्याचे निम्मे ६०. म्हणजे ६० वॅटचा जुना काचेचा दिवा आपण बोटाएवढ्या जागेत, लाकडी ठोकळ्याच्या पोटात, पेटवून ठेवला! व्होल्ट गेले अवघे साडेपाच. करवतीला त्याचा पत्ताही नाही. ती चालतेच आहे. तार मात्र आपले वेष्टण भाजून काढते आहे, लाकूड आतून कोळसत आहे, आणि बोर्डाच्या फटीतून बारीक भुसा आत साचलेला आहे.

जुन्या घरांच्या बाबतीत आणखी एक पाहावे. १९६० नंतरच्या काळात तांब्याची टंचाई असल्यामुळे आपल्याकडे पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमच्या तारा पडल्या. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट. तो तर आहेच. पण हा धातू मऊ, स्क्रूखाली दाबला गेला की हळूहळू सरकतो, आणि त्यावर लगेच बसणाऱ्या गंजाच्या पापुद्र्यातून वीज जात नाही. म्हणून त्याचे सांधे काळाने ढिले आणि गरम होतात. त्याहून जुन्या घरांत लाकडी पट्टीत बसवलेल्या रबरी वेष्टणाच्या तारा अजून सापडतात; ते रबर हात लावताच बिस्किटासारखे तुटते. अशा तारांना नवी जोडू नये. मुख्य बोर्डापासून वेगळी वाट काढावी.

आता फ्यूज. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची करवत सुरू करताना फ्यूज वारंवार उडे. कोणा हुशार माणसाने त्यात जाड तार पिळून बसवली आणि तक्रार मिटली. फ्यूज पुन्हा उडाला नाही. उन्हाळ्यात प्लगच वितळला, आणि वास आला म्हणून सुनेने धावत जाऊन मुख्य स्विच पाडला, एवढ्यावर निभावले. फ्यूज हा यंत्राचा नोकर नव्हे, तो तारेचा राखणदार आहे. तो उडत होता तेव्हा तो खरे बोलत होता. आज फ्यूजच्या जागी एमसीबी आले आहे आणि त्यात जाड तार घालता येत नाही, ही मोठीच सोय. पण तेथेही निवड हवी. दिव्यांच्या मंडलासाठी चालणारे बी प्रकारचे १६ अँपिअरचे एमसीबी मोटारीच्या सुरुवातीच्या झटक्यालाच पडू शकते. सी प्रकारचे १६ अँपिअरचे तो झटका सोसते आणि ४ चौरस मिलिमीटरच्या तारेचे रक्षणही करते. पडते म्हणून ३२ चे बसवणे, ही त्या जाड तारेचीच आधुनिक आवृत्ती होय.

येथवर तार वाचली. माणसाचे काय? शरीरातून ५० मिलिअँपिअर काही सेकंद गेले तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा प्रवाह तीनशेव्या हिश्श्याहूनही कमी. ते ढिम्म हलणार नाही. "आमच्याकडे उत्तम अर्थिंग आहे," असे आपल्यापैकी कित्येक म्हणतील. तोही हिशेब करू. करवतीच्या आतली तार सुटून तिच्या लोखंडी अंगाला टेकली. परसातील अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम, आणि जेथून वीज येते त्या रोहित्राच्या अर्थिंगचा ३, असे धरले तर जमिनीतून जाणारा प्रवाह २३० भागिले ८, म्हणजे सुमारे २९ अँपिअर. एवढ्याने १६ चे एमसीबी पडायला मिनिटाहूनही अधिक वेळ लागू शकतो. आणि तोवर करवतीचे अंग १४४ व्होल्टवर उभे असते. पावसाळा आहे, फरशी ओली आहे, आणि नातू आजोबांना चहाला बोलवायला येऊन यंत्राला हात टेकून उभा राहतो.

ह्यावर उपाय आरसीसीबी नावाचे उपकरण. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह हे एकमेकांशी ताडून पाहणे, एवढेच त्याचे काम. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ते वीज तोडते. अर्थिंग असल्यास माणसाचा हात लागण्यापूर्वीच तोडते. म्हणून दोन्ही हवीत, एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्याला मात्र तेही वाचवू शकत नाही. त्याच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एक दिवाच.

राहिलेल्या गोष्टी लहान, पण करवतीजवळ लहान गोष्टींनीच बोटे जातात. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमनात काढली, ती आपण विसरलेलो नाही. वीज गेली, करवत थांबली, आपण अडकलेली फळी सोडवायला हात घातला, आणि वीज आली! साधा स्विच चालूच राहिलेला असतो. म्हणून करवतीला दाबबटणाचा स्टार्टर हवा. वीज जाताच त्यातील चुंबक सुटतो आणि पुन्हा बटण दाबल्याखेरीज मोटार फिरत नाही. दिव्यांचे मंडल यंत्रांपासून निराळे असावे, नाहीतर एमसीबी पडताच अंधार होतो आणि पाते अजून फिरतच असते. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तिच्या उजेडात फिरते पातेही कधी थांबल्यासारखे दिसते. स्वस्त एलईडी दिव्यांतही हा दोष असू शकतो. भुसा ओढणारा पंखा करवतीबरोबरच चालतो, तेव्हा त्याला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी द्यावे. बोर्ड बंद पेटीचे असावेत. एवढा भार वाढला की वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, आणि काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. हौशी सुताराने पट्ट्या ठोकाव्यात, नळ्या बसवाव्यात. जोडणी करू नये.

काम संपल्यावर वायरमनला लगेच निरोप देऊ नका. त्याच्याकडून मेगर लावून तारांचे वेष्टण तपासून घ्या. आकडा १ मेगओहमच्या खाली आला तर त्याला परत शिडीवर चढवा. मग पात्याला लाकूड न लावता करवत सुरू करा आणि आरसीसीबीवरचे टी अक्षराचे बटण दाबा. करवत थांबली पाहिजे, दिवा जळत राहिला पाहिजे. आता खटका पुन्हा वर करा. करवत जागची हलता कामा नये.