हरळीतला लव्हाळा

अंगणातली हरळी हिरवीगार दिसते. पण मधेच एखादा पुंजका उंच वाढतो. तो ओळखायचा कसा? त्याची फुलाची काडी दोन बोटांत फिरवून पाहा. तीन कडा लागल्या, तर तो लव्हाळा समजावा. हरळीची काडी गोलसर असते, तिला पेरी असतात.

पुष्कळ जण लव्हाळा वरूनच उपटतात. पाने हाती येतात, गाठी जमिनीतच राहतात. थोड्याच दिवसांत तो पुन्हा उगवतो!

म्हणून ओल असताना खुरप्याने खोल खणा. गाठी माळेसारख्या जोडलेल्या असतात. एकेक वेचा, उन्हात वाळवा, मग जाळा. नवा कोंब दिसला, की पुन्हा खणा. कंटाळू नका.

गाठी उकिरड्यावर मात्र टाकू नका. खताबरोबर त्या शेतात जातील आणि पिकाच्या तोंडचा घास पळवतील.