अंटार्क्टिका भत्ता : भरपाई की मोबदला?

शासकीय सेवकाला स्वदेशाबाहेर पाठविले म्हणजे त्याला काही जादा रक्कम द्यावी लागते, हे सर्वमान्य आहे. परंतु ती नेमकी कशाबद्दल द्यावयाची, याविषयी शासनाच्या नियमांतच एकवाक्यता आढळत नाही. 1 जानेवारी 1922 पासून अमलात आलेल्या मूलभूत नियमांनी पूरक भत्त्याची व्याख्या केली ती अशी की, ज्या विशिष्ट परिस्थितीत कर्तव्य बजावावे लागते, तिच्यामुळे सेवकावर पडणाऱ्या वैयक्तिक खर्चाची तोंडमिळवणी करणारी रक्कम. त्याच नियमावलीच्या 44व्या नियमाने पुढे असेही बजावले की, हा भत्ता एकंदरीत सेवकाच्या लाभाचे साधन होता कामा नये. म्हणजे भत्ता ही भरपाई होय, प्रलोभन नव्हे. या तत्त्वाची कसोटी पाहावयाची, तर वकिलातींपेक्षा नवी मुंबईत नवीन पनवेल येथे असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या एका कामाकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

वकिलातींचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. त्या त्या राजधानीतील महागाई व चलनाचा विनिमयदर पाहून परदेश भत्ता ठरविता येतो. 1961च्या आयकर कायद्याच्या 10(7) या कलमाने भारतीय नागरिकास शासनाकडून परदेशी सेवेबद्दल परदेशात मिळणारे भत्ते करमुक्त ठेवले, तेही याच विचाराशी सुसंगत होते. कारण जी केवळ भरपाई आहे, तिला उत्पन्न कसे म्हणावयाचे?

भूचुंबकत्व संस्थेची परंपरा कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत जाते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ध्यानी घेऊन 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. 1971 मध्ये संस्था स्वायत्त झाली. 1981च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेल्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेपासून तिचा त्या खंडाशी संबंध आहे. सूर्याकडून येणाऱ्या विद्युद्भारित कणांचा परिणाम ध्रुवीय प्रदेशात विशेष तीव्रतेने जाणवतो. म्हणून मैत्री व भारती या केंद्रांवर चुंबकमापके ठेवण्यात आली. या नोंदींची किंमत त्यांच्या अखंडतेत आहे. हिवाळ्यात मैत्री येथे सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही, तरीही उपकरणांची देखभाल करणारे माणूस तेथे असावेच लागते.

आता या माणसाला 1922ची व्याख्या लावून पाहावी. निवास, अन्न आणि थंडीचे कपडे मोहिमेकडूनच पुरविले जातात. पैसे खर्च करावयाचे म्हटले, तरी बाजार नाही. शिवाय 1959च्या करारान्वये तेथील सार्वभौमत्वाचे दावे गोठविलेले असल्याने तो प्रदेश रूढ अर्थाने ‘परदेश’ही नव्हे. केवळ खर्च हेच माप धरले, तर त्याचा भत्ता जवळजवळ शून्य निघेल. भूमीच्या कायदेशीर स्वरूपावरून भत्ता ठरविण्याचा हट्ट किती महाग पडतो, हे कंपनी सरकारने पूर्वी अनुभवले होते. 1843 मध्ये सिंध खालसा झाल्यावर तो परमुलूख राहिला नाही, म्हणून तेथे धाडलेल्या बंगालच्या पलटणींचा जादा भत्ता बंद झाला. सिंधचे ऊन मात्र होते तेच राहिले. परिणामी 1844 मध्ये काही पलटणींनी कूच करण्यास साफ नकार दिला.

सातव्या वेतन आयोगाने खर्चाऐवजी कष्टांचे माप स्वीकारले, हे योग्यच झाले. जोखीम आणि खडतरपणा यांचे एक कोष्टक करून आयोगाने त्याच्या माथ्यावर सियाचीन ठेवले, आणि याहून अधिक भत्ता कोणालाही नसावा, असे तत्त्व घातले. अंटार्क्टिकाही याच वरच्या श्रेणीत घालून मासिक 31,500 आणि 21,000 रुपये असे पदानुसार दोन दर सुचविण्यात आले. परंतु तोपर्यंत मोहिमेच्या सदस्यांना उन्हाळ्यात दररोज 1,125 व हिवाळ्यात 1,688 रुपये मिळत होते. तीस दिवसांच्या हिशेबाने ही रक्कम अनुक्रमे 33,750 आणि 50,640 रुपये होते. म्हणजे आयोगाचा वरचा दरसुद्धा चालू दराहून कमी पडत होता. तेव्हा 2017 मध्ये केंद्र शासनाने अंटार्क्टिका भत्ता कोष्टकाबाहेरच ठेवला. उन्हाळ्यासाठी दररोज 1,500, हिवाळ्यासाठी 2,000, आणि पथकप्रमुखास दहा टक्के अधिक, असे दर त्या वर्षीच्या 1 जुलैपासून लागू झाले. त्याच वेळी सियाचीनचा भत्ता अधिकाऱ्यांना 42,500 व जवानांना 30,000 रुपये करण्यात आला. हिवाळ्यातील अंटार्क्टिकाचा महिना 60,000 रुपयांचा, म्हणजे जवानाच्या भत्त्याच्या बरोबर दुप्पट ठरला.

अंटार्क्टिकातील जीवन सियाचीनच्या दुप्पट खडतर आहे, असे कोणी म्हणणार नाही; तेथे शत्रू नाही, गोळीबार नाही. फरक आहे तो संमतीचा. जवान आज्ञेने जातो. शास्त्रज्ञ, यंत्रज्ञ वा स्वयंपाकी आपण होऊन नाव देतो, वैद्यकीय तपासणीस व प्रशिक्षणास सामोरा जातो, आणि त्याला नकार देण्याची मुभा असते. जेथे नकार शक्य असतो, तेथे शासनाला किंमत वाढवावी लागते. ब्रिटिश अमदानीतील ‘समुद्रपार वेतन’ याच जातीचे होते. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानातील नोकरीसाठी इंग्रज तरुण पुरेसे पुढे येईनात, तेव्हा 1924 मध्ये ली आयोगाने त्या वेतनात वाढ सुचविली. अशा रकमेला भरपाई म्हणणे हा निव्वळ शब्दांचा उपचार होय. तिला मोबदला म्हणावे, आणि मग आज्ञेने जाणाऱ्याला कमी का, या प्रश्नाचे उत्तरही शासनाने द्यावे. कोष्टकाबाहेर ठेवण्याच्या युक्तीने ते उत्तर टळले, इतकेच.

2017च्या दरांत एक गोष्ट मात्र निःसंशय स्तुत्य आहे. पथकप्रमुखाचा अपवाद सोडता त्यांत पदाचा विचार नाही, ऋतूचा आहे. हिवाळ्यात जहाज येत नाही, विमान उतरत नाही, आणि आजारी पडलेल्यास केंद्रावरील डॉक्टरवाचून आधार नसतो. हे संकट शास्त्रज्ञाला व स्वयंपाक्याला सारखेच. मोहीम संपताच भत्ता थांबतो, आणि निवृत्तिवेतन ठरविताना तो हिशेबात धरला जात नाही. पनवेलमधील कुटुंबाने वर्षभर एकट्याने चालविलेल्या संसाराचा विचार मात्र भत्त्याच्या कोणत्याही व्याख्येत अद्याप आलेला नाही.